आज काय करायचं? चिठ्ठी काढा आणि दोघं मिळून रांधा

दख्खनी बोलणाऱ्या घरात 'आज क्या पकाना?' आणि मराठी बोलणाऱ्या घरात 'आज काय करू?' भाषा दोन, पण प्रश्न एकच. तो विचारणारी व्यक्तीही बहुतेक घरांत एकच असते. उत्तरही ठरलेलं असतं, 'कर काहीतरी!' मग तीच तुरीची डाळ, तेच वांगं-बटाट्याचं सालन आणि जुम्म्याला गोश्त. अन्न ही अल्लाहची नेमत आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत हे खरंच. पण रोज तेच ते खाऊन कंटाळा येणं म्हणजे नाशुक्री नव्हे. आणि रोज तेच ते ठरवून कंटाळा येणं, हे तर त्याहून स्वाभाविक आहे.

या कंटाळ्यावर जगभरातली अनेक जोडपी एक सोपा उपाय करतात. आठवड्यातला एक दिवस ठरवायचा. त्या दिवशी पदार्थ आपण निवडायचा नाही. पुस्तक कुठंही उघडायचं किंवा चिठ्ठी काढायची, जे येईल ते दोघांनी मिळून करायचं. आम्ही दोघं खर्ड्यात गेले काही महिने हे करत आहोत. त्यातून जे कळलं, ते वाचकांसमोर मांडत आहोत.

पुस्तकाने ठरवलेलं जेवण

या प्रकारातलं सर्वात गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. २००२ साली ज्युली पॉवेल नावाच्या नोकरदार महिलेने ज्युलिया चाइल्ड आणि त्यांच्या दोन सहलेखिकांच्या १९६१ सालच्या फ्रेंच स्वयंपाकाच्या पुस्तकातल्या ५२४ पाककृती ३६५ दिवसांत करायचं ठरवलं. दिवसभर नोकरी आणि रात्री लहानशा घरातला स्वयंपाक. जेवायला आणि धीर द्यायला नवरा एरिक. पुढे त्यावर पुस्तक आलं आणि २००९ साली चित्रपटही निघाला. त्यांनी चिठ्ठ्या काढल्या नव्हत्या, सगळंच पुस्तक करायला घेतलं होतं. पण एक गोष्ट आपल्या कामाची आहे. वर्षभर 'आज काय करू?' हा प्रश्न त्यांच्या डोक्यावरून उतरला. तो पुस्तकाने उचलला.

आपल्याकडेही अशी पुस्तकं जुनीच आहेत. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली आलं. आठवड्याला एक पदार्थ धरला तरी हजार पाककृतींना एकोणीस वर्षं पुरतील! कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घरोघरी गेलं. त्याच्या कितीतरी मागे, १५०० च्या आसपास, माळव्यातल्या मांडूच्या सुलतान गियासशाहने 'निमतनामा' लिहवून घ्यायला सुरुवात केली आणि त्याच्या मुलाने तो पुरा केला. त्यात समोशांचेच कितीतरी प्रकार आहेत, पण मिरची कुठंच नाही. कारण मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या मार्फत नंतर आली. बटाटा आणि टोमॅटोही तसेच. म्हणजे ज्या सालनाला आपण 'आपलं पहिल्यापासूनचं' म्हणतो, तेही कधीतरी कुणीतरी पहिल्यांदा करून पाहिलेलंच आहे.

सोबत नवीन काही केलं की काय होतं?

१९९३ साली अमेरिकेत शार्लोट राइसमन, आर्थर आरोन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ५३ विवाहित जोडप्यांवर एक अभ्यास केला. काही जोडप्यांना दर आठवड्याला दीड तास आवडीचं, पण सवयीचं काम एकत्र करायला सांगितलं. काहींना तितकाच वेळ उत्साह वाटेल असं काहीतरी वेगळं करायला सांगितलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. दहा आठवड्यांनी दुसऱ्या गटातली जोडपी आपल्या संसाराबद्दल जास्त समाधानी दिसली. नुसतं सोबत बसणं आणि सोबत काही नवीन शिकणं, यात फरक पडतो, असा त्याचा अर्थ.

याचं कारण शाळेतही रोज दिसतं. जो धडा दोघांनाही येत नाही, त्यात कुणी मास्तर नसतो. दोघंही विद्यार्थीच. रोजच्या स्वयंपाकात बायको उस्ताद असते आणि नवरा फक्त परीक्षक, मीठ कमी की जास्त ते सांगणारा. अनोळखी पदार्थ समोर आला की दोघंही एकाच बाकावर येतात.

पण धुणार कोण?

इथं खरी गोम आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के रोज बिनपगारी घरकाम करतात, पुरुषांपैकी सुमारे २६ टक्के. जे करतात त्यांचा वेळ पाहिला तर स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि पुरुष ९७ मिनिटं. अशा घरात नवरा मोबाइलवर व्हिडिओ दाखवून 'आज हे करून बघ' म्हणाला, तर त्यात नवं काय? पाच तासांचे सहा तास झाले, एवढंच. नवीन पदार्थ म्हणजे जास्त चिरणं, जास्त वाटणं आणि जास्त भांडी.

म्हणून आम्ही म्हणतो, नवीन पदार्थ करायचा तर ठरवण्यापासून भांडी घासण्यापर्यंतचं काम वाटून घ्यायचं. तेवढं होत नसेल तर रोजची डाळच बरी.

पुरुषांनी चुलीपाशी जायचं म्हटलं की 'लोग क्या बोलेंगे' हे आलंच. पण लग्नात, नियाजला देग कोण उतरवतं? पुरुषच. गावात सप्ताह असला की मोठ्या कढईत आमटी कोण ढवळतं? पुरुषच. दोनशे माणसांसाठी पळी चालते आणि चौघांसाठी लाज वाटते, याला काय म्हणावं! हजरत आयशा (रजि.) यांना प्रेषित (स.) घरात काय करत, असं विचारलं गेलं. ते घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असं त्यांनी सांगितल्याची हदीस बुखारीत आहे. ती आपण बयानात ऐकतो. घरी आल्यावर आठवली पाहिजे.

चिठ्ठीचे नियम

आमची पद्धत अशी. दोन डबे ठेवायचे. एका डब्यात वस्तूंच्या चिठ्ठ्या : हुलगा, बाजरी, मेथी, दुधी, अंडी, कीमा, उडीद. फक्त आठवडी बाजारात किंवा गल्लीतल्या दुकानात मिळणाऱ्या वस्तू लिहायच्या. दुसऱ्या डब्यात पदार्थाची रीत : दालचा, खिचडा, वाफवणं, दम देणं, शोरबा, भाजणं. दोन्ही डब्यांतून एकेक चिठ्ठी काढायची आणि जोडी लावायची.

बाकीचे नियम चारच. पहिला, एका वेळी एकच गोष्ट नवीन. वस्तू नवीन असेल तर मसाला ओळखीचा ठेवायचा. दुसरा, माप अर्धं, म्हणजे बिघडलं तरी इस्राफ होत नाही. सोबतीला भाकरी आणि एक रोजची भाजी असतेच, कुणी उपाशी राहत नाही. तिसरा, ज्याने चिठ्ठी काढली त्याने रांधायचं आणि दुसऱ्याने चिरणं, वाटणं, भांडी बघायची. पुढच्या आठवड्यात उलट. चौथा, जेवताना नावं ठेवायची नाहीत. आवडलं तर खायचं, नाही तर ठेवून द्यायचं, हीच सुन्नत आहे. चर्चा करायची ती जेवण झाल्यावर.

दिवस आम्ही शनिवार धरला. शाळा सकाळची असते, दुपारनंतर हाताशी वेळ असतो.

खर्ड्याच्या बाजारातून काय निघतं?

खर्डा म्हटलं की बाहेरच्यांना १७९५ ची मराठे आणि निजामाची लढाई आठवते, कोल्हापूरकडच्यांना मिरचीचा ठेचा. आमचं गाव जामखेड तालुक्यात, बीड आणि धाराशिवच्या शिवेजवळ. त्यामुळे दस्तरखानावरही दोन्हीकडची चव. नगरकडचे शेंगोळे आणि आमटी, मराठवाड्याकडचा बगारा खाना आणि दालचा.

पहिली जोडी निघाली हुलगा आणि शोरबा. हुलग्याचे शेंगोळे इथं घरोघरी माहीत आहेत. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं घालून मळायचं, हातावर वळायचं आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात शिजवायचं. आम्ही पाण्याऐवजी गोश्तचा पातळ शोरबा घेतला. पिठामुळे शोरबा आपोआप दाट होतो, म्हणून तो सुरुवातीला पातळच लागतो. हुलग्यात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे गोश्त थोडं असलं तरी चालतं. पाव किलोत पाच जणांचं भागलं.

दुसरी जोडी बाजरी आणि खिचडा. मुहर्रमचा खिचडा गव्हाचा असतो. गव्हाच्या जागी बाजरी घेतली. बाजरीच्या खिचडीला करतात तसंच तिला पाण्याचा हात लावून कांडायचं, पाखडून कोंडा काढायचा आणि मग डाळींसोबत शिजवायची. ती गव्हासारखी चिकट होत नाही, म्हणून जास्त घोटावी लागते. हे काम ताकदीचं आहे, पुरुषांनी खुशाल घ्यावं. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. आपल्या ताटात भाकरीपलीकडे बाजरी गेली तर ते कामी आलं म्हणायचं.

तिसरी जोडी मेथी आणि वाफवणं. मेथी आणि बाजरीच्या पिठाचे मुटके वाफवून गोश्तच्या सालनात सोडले. आम्हाला वाटलं, हे आपलंच डोकं! नंतर कळलं की मेमन आणि खोजा घरांत मुठिया म्हणून असा पदार्थ आधीपासून आहे. चिठ्ठीने आपल्याच समाजातल्या दुसऱ्या घराचा दरवाजा दाखवला. इथं एक सूचना : बाजरीचं पीठ ताजं दळलेलंच घ्या. बाजरीत तेलाचा अंश जास्त असतो, त्यामुळे काही दिवसांत पीठ कडवट होतं. मग दोष पाककृतीला दिला जातो.

सगळ्याच चिठ्ठ्या लागत नाहीत. उडीद आणि दालचा ही जोडी कुणी दुसऱ्यांदा मागितली नाही. उडदाचा बुळबुळीतपणा चिंचेच्या आंबटात आणखी जाणवतो. तेवढं ज्ञान अर्ध्या वाटी डाळीत मिळालं, म्हणजे महाग नाही.

परक्या पाककृती घेताना

मोबाइलवरून किंवा पुस्तकातून परदेशी पदार्थ निवडला तर करण्याआधी तो पूर्ण वाचा. काही ठिकाणी वाइन किंवा डुकराची चरबी लिहिलेली असते. जेलीत, मार्शमेलोत जिलेटिन असतं, ते कुठल्या जनावराचं हे पाकिटावर नेहमी कळत नाही. त्याऐवजी चायना ग्रास वापरा, ते समुद्री शेवाळापासून बनतं. वाइनच्या जागी थोडं लिंबू आणि यखनी चालते. शंका असेल तर ती चिठ्ठी बाजूला ठेवा, दुसरी काढा.

दुसरी काळजी तब्येतीची. राजमा आपल्याकडे कमी होतो, म्हणून सांगतो : रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात खळखळ उकळून पूर्ण शिजवा. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. घरात अम्मी-अब्बांना शुगर किंवा बीपी असेल तर त्यांचं जेवण नेहमीचंच ठेवा. प्रयोग आपल्या ताटात.

मुलांचं काय? ती पहिल्या दिवशी तोंड वाकडं करतात. जबरदस्ती करू नका. नवीन चव अनेकदा समोर यावी लागते, कधी कधी दहा-बारा वेळा, मग मूल ती स्वीकारतं. चिठ्ठी काढायला मात्र मुलांनाच द्या. आपण काढलेला पदार्थ निदान एक घास तरी खाल्ला जातो. आणि अब्बा कांदा चिरताहेत, अम्मी पुस्तक वाचून सांगते आहे, हे मुलगा आणि मुलगी दोघंही बघतात. तो धडा कुठल्याच पाठ्यपुस्तकात इतका नीट येत नाही.

सुरुवात छोटी करा. या आठवड्यात घरातल्या दहा वस्तूंची नावं लिहून डब्यात टाका. एखादी वस्तू शेजारच्या मराठी घरातून विचारून घ्या, त्यांना आपली एक सांगा. येसर आमटी कशी करतात ते शेजारच्या काकूंइतकं नीट कुणी सांगणार नाही, आणि दालच्याची खरी रीत त्यांनाही आपल्याकडूनच कळेल. आठवड्यातून एक संध्याकाळ 'आज काय करू?' हा प्रश्न एकट्या बाईच्या डोक्यावर नसेल, इतकं जरी झालं तरी त्या दस्तरखानावर बरकत आहे.