हदगावात अक्षरे किती? पायथनला विचारू या

हदगाव या नावात अक्षरे किती? ह, द, गा, व. चार, असे पहिलीतले पोरही सांगेल. पायथन या संगणकीय भाषेला हाच प्रश्न विचारला तर उत्तर येते पाच. नांदेडची तीन अक्षरे तिच्या लेखी सहा होतात. हदगाव उलटे लिहायला सांगितले की पडद्यावर ‘वागदह’ उमटते. गा-चा काना ग-ला सोडून व-ला जाऊन चिकटतो.

यात पायथनचे काही चुकलेले नाही. संगणकातली मराठी युनिकोड पद्धतीने साठवली जाते आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना स्वतंत्र क्रमांक असतात. ह, द, ग, काना, व अशी पाच चिन्हे संगणक मोजतो. गावांच्या किंवा मतदारांच्या मराठी याद्या संगणकावर हाताळताना हा फरक पदोपदी आडवा येतो. पुस्तकात तो समजायला पान-दोन पाने लागतील, इथे मात्र एका ओळीत कळतो. ही ओळ जिथे लिहायची त्या जागेबद्दल, म्हणजे कमांड लाइनवर चालणाऱ्या इंटरप्रिटरबद्दल हा लेख आहे.

उबंटूसारख्या लिनक्सवर पायथन आधीपासूनच असतो. टर्मिनल, म्हणजे आदेश लिहायची खिडकी, उघडायचे, इंग्रजी अक्षरांत पायथन लिहून त्याला ३ हा आकडा जोडायचा आणि एंटर दाबायचे. मधल्या क्षणात बरेच काही घडते. आपला शब्द वाचणारा शेल नावाचा प्रोग्राम ठरलेल्या फोल्डरांची एक यादी क्रमाने धुंडाळतो. या यादीला पाथ म्हणतात. त्या नावाची फाइल जिथे आधी सापडेल तीच तो सुरू करतो. म्हणून दोन पायथन असलेल्या संगणकावर कधी भलताच सुरू होतो. विंडोजवर पायथन टाकताना पाथची चौकट टिचकी न मारता सोडली, तर पायथन संगणकात असूनही ‘असा आदेश नाही’ असे उत्तर मिळते. नवशिक्या मुलांची हिंमत इथेच खचते. दोष त्यांच्या बुद्धीचा नसतो, यादीत एक फोल्डर कमी असते एवढेच.

इंटरप्रिटर सुरू झाला की तीन बाणांसारखी खूण दिसते आणि तो थांबतो. आपण ओळ लिहिली की तो तिचे तुकडे पाडतो, व्याकरण तपासतो, तिचे बाइटकोड नावाच्या आटोपशीर सूचनांत रूपांतर करतो, त्या चालवतो, उत्तर छापतो आणि पुन्हा वाट पाहतो. वाचा, चालवा, छापा, पुन्हा वाचा, हे चक्र लिस्प या भाषेपासून चालत आले आहे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्पची कल्पना कागदावर मांडली होती. तिच्यातले मूल्यमापनाचे सूत्र यंत्रावर प्रत्यक्ष चालवता येईल हे स्टीव्ह रसेल यांनी ओळखले आणि ते आयबीएम ७०४ वर उतरवून दाखवले. पायथन त्या मानाने अलीकडचा. खिदो व्हान रॉसम यांनी १९८९च्या डिसेंबरात ॲमस्टरडॅममध्ये त्यावर काम सुरू केले आणि १९९१च्या फेब्रुवारीत तो लोकांसाठी खुला झाला. त्याच्याही आधी, १९८४ पासून, भारतातल्या शाळांत सरकारी योजनेतून बीबीसी मायक्रो संगणक आले. तो चालू केला की थेट बेसिक भाषेची खूण समोर यायची. त्या वेळच्या मुलांना संगणक भेटला तो असा, प्रश्नाची वाट पाहत बसलेला.

हदगाव तालुक्यातल्या विद्यार्थ्याने इंटरप्रिटरला काय विचारावे? घरातला सातबारा काढावा. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, घरात बोलणे मात्र एकर-गुंठ्यांत. १ हेक्टर ६२ आर म्हणजे १.६२ हेक्टर. त्याला २.४७१०५ ने गुणले की ४.००३१ येतात, म्हणजे चार एकर. आता त्या रानात २५ मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, आणि एका एकरात सुमारे ४०४७ चौरस मीटर. गुणाकार केला की एकरी एक लाख लिटरहून थोडे जास्त पाणी निघते. हळदीला ठिबकने किती पाणी देतो, याच्याशी हा आकडा ताडून पाहता येतो. पुढचा प्रश्न मग आपोआप सुचतो, आणि प्रोग्रामिंग खऱ्या अर्थाने सुरू होते ते तिथेच.

मराठीचीही परीक्षा घेता येते. हळद असे देवनागरीत नाव देऊन त्यात भाव साठवता येतो, पायथन ३ ला ते चालते. अवतरणचिन्हांत ठेवलेले ४५ हे देवनागरी आकडे तो संख्येत बदलूनही देतो. पण तेच आकडे उघड्यावर लिहून बेरीज मागितली की चूक दाखवतो. का, ते शोधताना मजकूर वेगळा आणि संख्या वेगळी हे कायमचे कळते.

दोन-चार ओळींपुढे गेले की काम फाइलमध्ये लिहायचे आणि आदेशापुढे फाइलचे नाव द्यायचे. तेव्हा एक गोष्ट हटकून गोंधळात टाकते. बाणांपुढे नुसते दोन अधिक तीन लिहिले तरी पाच दिसतात, फाइलमधून मात्र काहीच दिसत नाही. तिथे छापण्याचा आदेश द्यावाच लागतो. फाइलच्या नावापुढे ४ आणि ५ लिहून पाठवले आणि थेट बेरीज केली तर नऊऐवजी ४५ येतात, कारण कमांड लाइनवरून आत येणारे सगळे मजकूर म्हणूनच येते. आधी संख्येत बदला, मग बेरीज करा. आदेशात एक उणे आय वाढवला की फाइल संपल्यावर इंटरप्रिटर बंद न होता आपल्या हाती राहतो आणि कुठल्या नावात कोणते मूल्य उरले ते विचारता येते. चूक शोधायला याहून सोपे साधन मला माहीत नाही.

फळ्यावरचा प्रोग्राम वहीत उतरवून परीक्षेत जसाच्या तसा लिहायचा, ही पद्धत मुलांचे नुकसान करते असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात चूक करायला जागाच नसते. इंटरप्रिटर चूक लगेच दाखवतो, कुठल्या ओळीत आहे ते सांगतो आणि रागावत नाही. त्याला महागडा संगणक लागत नाही आणि एकदा टाकल्यावर इंटरनेटही लागत नाही. कार्यालयातून मोडीत निघालेल्या संगणकावर लिनक्स टाकले तरी काम भागते.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि प्रोग्रामिंगचे छोटे धडे मराठी आवाजात मोफत मिळतात. ते उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही दाखवता येतात. हदगावच्या शिक्षकांनी आणि पालकांनी शाळेतला एक जुना संगणक यासाठी मोकळा करून द्यावा. पहिल्या तासाला मुलांना आपापल्या गावाच्या नावाची अक्षरे मोजायला सांगावीत.