बोलपट संपल्यावर

बोलपट पाहण्यास पूर्वी घराबाहेर पडावे लागे. हल्ली तो दिवाणखान्यातच येतो. तथापि पाहून झाल्यावर प्रथम कोणी बोलावे, ही रीत पुष्कळ घरी जुनीच राहिली आहे.

गेल्या रविवारी वाशीच्या आमच्या बिऱ्हाडी सर्वांनी मिळून 'कुंकू' पाहिला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ साली 'प्रभात'साठी तो दिग्दर्शित केला. वृद्ध वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्यास पती मानावयाचे साफ नाकारते.

मामंजींनी नित्याप्रमाणे निकाल दिला, "शांता आपटे यांचे काम उत्तम, पण नीरा फार हट्टी."

एरवी चर्चा येथेच संपते. परंतु सासूबाई हळूच म्हणाल्या, "हट्टी कसली? तिला कोणी विचारलेच नव्हते. मलाही नव्हते विचारले."

मामंजी क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "हे आजवर बोलला नाहीत."

"आपले मत आधीच ठरलेले असे!"

शाळकरी पुतण्याला मात्र अखेरीस प्राणत्याग करणाऱ्या काकासाहेबांचीच दया आली. गप्पा जेवणापर्यंत रंगल्या.

वाचकहो, एवढेच सुचवावेसे वाटते : बोलपट संपताच धाकट्यांना आणि स्त्रियांना आधी बोलू द्यावे, वडीलधाऱ्यांनी शेवटी बोलावे.