सात नऊंचं आर्सेनिक

मागच्या महिन्यात लॅबमध्ये नवीन आलेल्या एका ज्युनियरने काचेची सीलबंद नळी उजेडात धरून विचारलं, "ताई, हे ९९.९९९९९ टक्के शुद्ध आहे, म्हणजे साध्या आर्सेनिकपेक्षा जास्त विषारी असणार ना?"

नाही. आर्सेनिक किती विषारी हे ते कोणत्या रूपात आहे यावर ठरतं, शुद्धतेवर नाही. मग एवढी शुद्धता कशाला? वही घ्या आणि गणित करा. गॅलियम आर्सेनाइडच्या एका घन सेंटिमीटरमध्ये आर्सेनिकचे साधारण २.२ गुणिले १०चा २२वा घात इतके अणू असतात. सहा नऊंच्या मालात दहा लाखांत एक अणू परका. तो सगळा कचरा स्फटिकात उतरला असं धरलं, तर २.२ गुणिले १०चा १६वा घात इतके परके अणू झाले. आपण मुद्दाम डोपिंग करतो तेही बऱ्याचदा याच पातळीवर! त्यात गंधक असेल तर तो फुकटचे इलेक्ट्रॉन देतो आणि तुमचं मोजमाप तुमचं राहत नाही. सात नऊ म्हणजे हा आकडा दहापट खाली.

एक गोष्ट मी उशिरा शिकले. प्रमाणपत्रावरचे नऊ बरेचदा फक्त धातूंच्या अशुद्धीवरून मोजलेले असतात, ऑक्सिजन आणि कार्बन त्यात धरलेलेच नसतात. खालची बारीक अक्षरं वाचा.

करड्या आर्सेनिकची गंमत म्हणजे साध्या वातावरणीय दाबाला ते वितळत नाही. सुमारे ६१५ अंश सेल्सियसला थेट वाफ होते. शुद्धीकरणात याचा उपयोग होतो आणि एमबीईमध्येही. घन तुकडे तापवायचे, वाफ सरळ वेफरकडे. त्यातून बनणारं गॅलियम आर्सेनाइड इन्फ्रारेड एलईडी, लेसर, मोबाइलमधले अॅम्प्लिफायर, उपग्रहांचे सौर सेल अशा ठिकाणी जातं. सिलिकॉनपेक्षा त्यात इलेक्ट्रॉन कितीतरी चपळ, आणि बँडगॅप डायरेक्ट असल्यामुळे ते प्रकाशही देतं.

दुसऱ्या वर्षी मी नळी फोडून उरलेले तुकडे नीट बंद न करता ठेवले होते. चकाकणारे तुकडे काळपट पडले. महागडा माल गेलाच, पण खरी काळजी ऑक्साइडची. आर्सेनिक ट्रायऑक्साइड, म्हणजे आपल्याकडचा सोमल, पांढरा असतो, पाण्यात विरघळतो आणि कॅन्सरकारकही आहे. त्यामुळे चेंबर उघडल्यावर भिंतीवर दिसणारा थर कोरड्या फडक्याने झटकायचा नाही. धूळ उडते. ओल्या पुसण्याने, मास्क आणि दुहेरी हातमोजे घालून, आणि ते फडकं वेगळ्या आर्सेनिक कचऱ्यात.

(हरताळ फासणे हा वाक्प्रचार आठवतो? हरताळ म्हणजे आर्सेनिकचं पिवळं सल्फाइड. पोथीतली चुकलेली अक्षरं त्याने झाकायचे.)

सगळ्यात जास्त भीती मला आर्साइन वायूची वाटते. आर्सेनिकच्या कचऱ्याच्या डब्यात आम्ल आणि जस्त किंवा अॅल्युमिनियमचा चुरा एकत्र आला, तर हा वायू तयार होऊ शकतो. १८३६ साली जेम्स मार्शने विष ओळखायची चाचणी बसवली ती याच रसायनावर. आर्साइन लाल रक्तपेशी फोडतो. कामाच्या ठिकाणची अमेरिकेतली मर्यादा ०.०५ पीपीएम आहे, आणि लसणासारखा वास साधारण ०.५ पीपीएमच्या आसपास जाणवतो. म्हणजे वास आला तेव्हा मर्यादा कधीच ओलांडलेली असते. वास येतोय का हे बघत थांबू नका, बाहेर पडा आणि अलार्म दाबा. त्रास लगेच होत नाही, लाल लघवी काही तासांनी दिसते, म्हणून "मला काही झालं नाही" म्हणून घरी जाऊ नका. आधी डॉक्टरांकडे, आणि त्यांना आर्साइन हा शब्द सांगा.

ज्युनियरने नळी परत ठेवली आणि विचारलं, आपला कचऱ्याचा डबा कोणता? त्यावर लेबलच नव्हतं. आम्ही दोघींनी आधी ते लावलं.