चोवीस दिवसांची शाळा

"फुकट राबायला कशाला जायचं गं? घरात कामं काय कमी आहेत?" हा सवाल माझ्या सासूबाईंचा. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, मनातून मलाही तसंच वाटत होतं.

लेक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. तिच्या स्वायत्त कॉलेजात २०२३ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं. त्यात कामाच्या ठिकाणी प्रत्यक्ष शिकण्याचे ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास. रोजचे पाच तास धरले तर चोवीस दिवस. तालुक्याच्या दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत तिची सोय झाली. पगार नाही. पहाटे साडेपाचची एसटी. बरं, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय, तेवढाच दिलासा!

आमचं आधीच ठरलेलं होतं. पदवी झाली की बी.एड., मग लग्न. शिक्षिका मुलीला स्थळंही चांगली येतात. ती मात्र एम.एस्सी.चं म्हणत होती. "करून पुढे काय?" असं विचारलं की गप्प बसायची. कारण पुढे काय, ते तिलाही माहीत नव्हतं. मीही बी.एस्सी.च. पण कॉलेजबाहेर हे रसायनशास्त्र कुठे उपयोगी पडतं, ते मला कुणी दाखवलंच नाही. माझं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात आहे.

पहिला आठवडा नुसता काचेच्या नळ्या धुण्यात गेला. मी म्हटलं, "हेच शिकायचं होतं तर घरी भांडी होतीच की!" मग हळूहळू ती फॅट काढायला शिकली. सल्फ्युरिक ॲसिड, त्यात मोजून दूध, थोडं अमाइल अल्कोहोल, मग नळी यंत्रात गरगर फिरवायची. पुस्तकात वाचलेली गर्बर पद्धत. इथे फरक एवढाच, की त्या आकड्यावर कुणाच्या तरी घरचा बाजार चालतो.

दुसऱ्या आठवड्यात एक मावशी भांडायला आल्या. "चार दिवस झाले, फॅट कमी लागतीय. म्हैस तीच, पेंड तीच." कुणी लक्ष दिलं नाही. लेकीनं मात्र पाहिलं होतं, की मावशींची किटली लांबून येते, वर साय धरते, आणि घाईत दूध न ढवळताच पळी खोल घालून नमुना घेतला जातो. वरचा स्निग्धांश वरच राहतो!

सांगायचं कसं? चोवीस दिवसांची पोर, साहेबांची चूक काढणार? आणि शेरा तर त्यांच्याच हातात. त्या रात्री ती जेवली नाही. मीही सांगितलं, "गप्प बस, आपले तास भरून घे." आज त्याची लाज वाटते. सकाळी तिनं साहेबांना सांगितलंच. ते आधी चिडले. मग म्हणाले, "माझ्यासमोर कर." न ढवळता एक नमुना, ढवळून एक. आकडे वेगळे आले. तेव्हापासून तिथे आधी दूध ढवळायचं, मग नमुना घ्यायचा.

सगळीकडे असं होत नाही हं. तिच्या मैत्रिणीनं एका कार्यालयात चोवीस दिवस फक्त फायली लावल्या. म्हणून मुलीला पाठवण्याआधी विचारा: काम काय देणार, शिकवणार कोण, वेळ किती? पत्र लेखी घ्या. आणखी एक. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे तक्रार समिती हवीच. ती आहे का, हे विचारायला लाजू नका.

शेवटच्या दिवशी लेक म्हणाली, "आई, आयुष्यभर नळ्या धुवायला मला नाही जमणार. पण लोकांच्या पोटात जाणारं तपासायचं काम मला आवडलं. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला रसायनशास्त्रातली एम.एस्सी. चालते." 'पुढे काय' याचं उत्तर आता तिच्याकडे होतं.

ह्यांनी बी.एड.च्या प्रवेशाची माहिती काढून ठेवली होती. तो कागद अजून टीव्हीवर आहे. ह्यांच्याशी बोलायचं माझ्याकडे लागलंय. बघू. लेक साहेबांशी बोलू शकली, मग मला काय झालंय?