तीस दिवसांची मुदत

हुंडीची तारीख चुकली तर पत जाते, हे व्यापारी घराला सांगावे लागत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बालकाबाबत अशीच एक तारीख चुकली तर दृष्टी जाते. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अथवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासावेत, असा आपल्याकडील दंडक आहे; अगदी लहानग्यांसाठी ही मुदत दोन-तीन आठवड्यांचीच.

दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ जवळजवळ नवव्या महिन्यापर्यंत चालते. बालक आधीच जन्मले की ती खुंटते. रक्ताविना राहिलेला भाग पुढे व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतो, त्यामुळे वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात आणि त्यांच्या ओढीने दृष्टिपटल सुटते. बाहेरून डोळा निर्दोष दिसतो, हीच खरी फसगत. तामिळनाडूत १९९६ साली जन्मलेल्या एका मुलीची ही तपासणी राहिली. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाखांची भरपाई देवविली. दृष्टी मात्र परतली नाही.

समजा, शाहूपुरीतील एका घरी २८व्या आठवड्यात नातू जन्मला आणि तपासणीत विकार आढळला. आजोबांचा पहिला प्रश्न असेल : इंजेक्शन कोणते, आणि लेसर का नको?

लेसर दृष्टिपटलाचा कडेचा भाग जाळतो; त्यामुळे बाजूची नजर थोडी घटते, पुढे जाड चष्मा लागण्याचा संभवही अधिक. इंजेक्शन व्हीईजीएफलाच अडविते आणि काही मिनिटांत होते. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात कर्करोगावरील औषध. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत त्याने उपचार केलेल्या डोळ्यांपैकी ४ टक्क्यांत विकार उलटला, तर लेसरनंतर २२ टक्क्यांत. फायदा मुख्यतः दृष्टिपटलाच्या मध्यभागीच विकार असलेल्या बालकांत दिसला. ते स्वस्त, कारण मोठ्या कुपीतून अनेक मात्रा काढतात. निर्जंतुकतेची काळजी तेथेच घ्यावी लागते. शिवाय ते रक्तात दीर्घकाळ रेंगाळते, आणि वाढत्या मेंदू-फुप्फुसांसाठी ही चिंता अद्याप मिटलेली नाही.

रॅनिबिझुमॅब रक्तातून लवकर निघून जाते. २०१९च्या चाचणीत त्याच्या ०.२ मिलिग्रॅम मात्रेला ८० टक्के यश आले, लेसरला ६६. तरीही संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक किंचित उणाच पडला. मात्र त्याचा प्रभाव लवकर ओसरतो. तिसरे, अफ्लिबरसेप्ट : ८५.५ विरुद्ध लेसरचे ८२.१ टक्के. अमेरिकेने त्याला २०२३ साली मान्यता दिली.

आकडे पाहून 'महाग तेच चांगले' हा हिशेब येथे लागू पडत नाही. विकार मध्यभागी असेल, बालक भूल सोसण्याजोगे नसेल, तर इंजेक्शनचे पारडे जड. पुन्हा तपासणीस येणे कठीण असेल तर लेसर अधिक निर्धास्त. कारण इंजेक्शनाने कर्ज फिटत नाही, केवळ मुदत वाढते. आईच्या शेवटच्या मासिक पाळीपासून मोजून किमान ६५ आठवडे होईपर्यंत तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. म्हणजे २८व्या आठवड्यातील नातवासाठी घरी आल्यावरही महिनोन्‌महिने. बारसे, लग्नसराई, दिवाळीतील वहीपूजन यांत एखादी फेरी बुडते, आणि विकार उलटतो तो नेमका त्याच काळात.

सीमेपलीकडे कर्नाटकात २००८पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांतील नवजात कक्षांत जातात आणि बेंगळुरूचे तज्ज्ञ ती छायाचित्रे पाहतात. कोल्हापुरातील घरांनी निदान एवढे करावे : बालकाला घरी नेताना सुटीच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहून मागावी, आणि ती पेढीच्या कॅलेंडरवर उतरवावी.