दालचिनी ती दालचिनी? एका सुगंधी कुळाची गोष्ट

ज्यांना कानात इयरफोन घालायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतेय. बोलले तसंच ठेवलंय बरंचसं, सांभाळून घ्या.

आज सुरुवात आमच्या स्वयंपाकघरातून. आईची शुगर जरा वर आली होती. मग कोणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला आणि आईचं सुरू झालं : रोज सकाळी कोमट पाण्यात चमचाभर दालचिनी पावडर. तीन महिने. एकदा मी विचारलं, "आई, ही दालचिनी कुठली गं?" आई म्हणाली, "कुठली म्हणजे? दालचिनी ती दालचिनी!"

तर मंडळी, तसं नाहीये. आणि ते का नाही, हे समजायला थोडं वनस्पतिशास्त्र लागतं. घाबरू नका, शाळेतलं नाही, डब्यातलं.

वनस्पतींच्या शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं आणि नाव नंतर. दालचिनीचं आडनाव, म्हणजे प्रजाती, 'सिनॅमोमम'. श्रीलंकेची आणि आपल्या कोकणातल्या नारळाच्या बागांमध्ये लावतात ती दालचिनी म्हणजे 'सिनॅमोमम व्हेरम'. 'व्हेरम' म्हणजे खरी. बाजारात स्वस्तात मिळते ती जाड साल बहुतेक वेळा 'कॅसिया'ची असते. चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियाकडून येणारी. आडनाव तेच, नाव वेगळं. म्हणजे भावंडं, पण माणसं वेगळी. आणि आपलं तमालपत्र? 'सिनॅमोमम तमाला'. तेही याच घरातलं!

अशा अनेक प्रजाती मिळून एक कुळ होतं. याचं नाव लॉरेसी. साधारण पन्नास प्रजाती आणि अडीच ते तीन हजार जाती, बहुतेक सगळी झाडं आणि झुडपं, बहुतेक उष्ण प्रदेशांतली. पानाच्या आणि सालीच्या आत तेलाच्या बारीक पेशी असतात, म्हणून पान चुरगळलं की वास येतो. कापराचं झाड यातलं, ॲव्होकाडो यातलं, महाबळेश्वरच्या जंगलात दिसणारा पिसा यातला, आणि जिच्या सालीची पूड अगरबत्तीत चिकटपणासाठी घालतात ती मैदा लकडीसुद्धा यातलीच.

आता प्रश्न येतो, ॲव्होकाडो आणि दालचिनी एका कुळात टाकायची कशाच्या जोरावर? नुसत्या वासावर नाही. वास तर तुळशीलाही आहे, निलगिरीलाही आहे. खरा पुरावा फुलात असतो. या कुळाची फुलं अगदी लहान, हिरवट-पिवळट. सगळं तीनच्या हिशोबात : पाकळ्यांसारखे भाग सहा, तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत. आणि खरी गंमत पुंकेसरात. बहुतेक फुलांत परागकोश उभी चीर पडून उघडतो. इथे मात्र त्याला चक्क छोट्या झडपा असतात. खिडकीचं झाकण वर उचलावं तशी झडप वर जाते आणि पराग बाहेर येतात. फळात बी एकच. ॲव्होकाडो कापलाय ना? बरोबर, तेच.

या झडपांमुळे एक भारी गोष्ट कळते. कोकणात समुद्रकिनाऱ्यावरच्या झुडपांवर पिवळट-हिरव्या दोऱ्यांचं जाळं पसरलेलं दिसतं. पानं जवळजवळ नाहीतच, दुसऱ्याच्या अंगावर जगणारी वेल. लोक तिला अमरवेल म्हणतात. पण अमरवेल नावाच्या दोन वेली आहेत. एक रताळ्याच्या कुळातली. दुसरी, 'कॅसिथा', तिचं फूल उघडून बघितलं की तीनचा हिशोब आणि झडपा! म्हणजे ही परजीवी वेल दालचिनीची चुलत बहीण. दिसण्यावर जाऊ नका, म्हणतात ते हेच.

आणि वर्गीकरण काही दगडावरची रेघ नाही. कापराचं झाड कितीतरी वर्षं 'सिनॅमोमम'च होतं. मग डीएनए तपासल्यावर दिसलं की कापूर आणि त्याचे जवळचे नातेवाईक दालचिनीपासून वेगळे पडतात. त्यामुळे 2022 मध्ये संशोधकांनी त्यांना पुन्हा 'कॅम्फोरा' या वेगळ्या प्रजातीत नेलं. पानातही फरक आहेच : कापराची पानं फांदीवर एकाआड एक येतात, दालचिनीची बहुधा समोरासमोर.

तमालपत्राचं तर तुम्ही आत्ता घरीच बघा. डब्यातून एक पान काढा. देठाजवळून टोकाकडे लांबच लांब तीन शिरा गेलेल्या दिसतील. परदेशी रेसिपीतल्या 'बे लीफ'ला एकच मधली शीर असते आणि तिला बाजूला फाटे. ते भूमध्य समुद्राकडचं 'लॉरस' झाड, ज्यावरून कुळाला नाव मिळालं. कुळ एक, झाड वेगळं, चवही वेगळी.

आता परत आईच्या पेल्याकडे. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, खऱ्या दालचिनीत अगदी नावापुरतं. कुमारिन रोज जास्त गेलं तर काही लोकांच्या यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मर्यादा ठेवलीय ती वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.1 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला झाले 6 मिलिग्रॅम. कॅसियाची साधारण दोन ग्रॅम पावडर रोज घेतली की तेवढं होतं. आणि एक चमचा त्याहून थोडा जास्तच भरतो.

पुलावात तुकडा टाकला तर काही बिघडत नाही, हे आधी नीट ऐका. प्रश्न रोजच्या चमच्याचा आहे. आणि पावडर झाली की डोळ्यांनी काहीच ओळखू येत नाही. म्हणून अख्खी साल आणा. जाड, कडक, एकच वळण असलेली नळी म्हणजे बहुधा कॅसिया. कागदासारख्या पातळ साली एकात एक गुंडाळलेल्या, बोटाने सहज मोडणाऱ्या, ती खरी.

आमच्या डब्यात कोणती निघाली? जाड, कडक, एका वळणाची. आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चमचा बंद करायला सांगितला, यकृताची तपासणी केली, रिपोर्ट ठीक आला. शुगरसाठी गोळी आणि चालणं सुरू झालं. परवा किराणा दुकानात आई दुकानदाराला विचारत होती, "अहो, ही पातळ सालीची आहे का हो?" मी मागे उभी राहून हसत होते.

तुमच्या डब्यात कोणती आहे? बघा, फोटो काढा, घरच्या ग्रुपवर टाका. आणि घरात कोणी रोज चमचाभर घेत असेल, तर हा भाग त्यांना आधी ऐकवा. भेटू पुढच्या वेळी!