लवकर जिंकणाऱ्यांचे पुढे काय होते?

६ मे २०२३. अमेरिकेतील लुईव्हिल शहरातल्या चर्चिल डाउन्स मैदानावर त्या दिवशी केंटकी डर्बी व्हायची होती. सर्वांची पहिली पसंती ‘फोर्टे’ या घोड्याला होती; आदल्या वर्षी दोन वर्षांच्या नरांमध्ये तोच सर्वोत्तम ठरला होता. मात्र पुढच्या उजव्या खुराला मुका मार असल्याने पशुवैद्यकांनी त्याला सकाळीच शर्यतीबाहेर ठेवले. ती बातमी वाचताना मला आपल्याकडील निवडपद्धती आठवल्या.

डर्बी ही तीन वर्षांच्या घोड्यांची शर्यत. अंतर सव्वा मैल. उत्तर अमेरिकेत दरवर्षी हजारो थरोब्रेड शिंगरे जन्मतात, पण डर्बीत जागा असतात फक्त २०. दोन वर्षांच्या घोड्यांची सर्वांत मानाची शर्यत म्हणजे १९८४ मध्ये सुरू झालेली ब्रीडर्स कप ज्युव्हेनाइल. ती जिंकून पुढच्या वर्षी डर्बीही जिंकणारे घोडे २०२५ पर्यंत दोनच झाले: २००७ मध्ये ‘स्ट्रीट सेन्स’ आणि २०१६ मध्ये ‘नायक्विस्ट’. इतर अनेक विजेते तर डर्बीच्या प्रारंभरेषेपर्यंतही पोहोचले नाहीत.

कारणे गूढ नाहीत. दुसऱ्या वर्षीच्या शर्यती कमी अंतराच्या असतात आणि ज्याचे शरीर लवकर भरते त्याला त्या अनुकूल ठरतात. शिवाय उत्तर गोलार्धात सर्व थरोब्रेडांचे वय १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेले शिंगरू आणि मे महिन्यात जन्मलेले शिंगरू कागदोपत्री समवयस्क ठरतात. चार महिन्यांची ही आघाडी दुसऱ्या वर्षी मोठी असते. पुढे ती विरत जाते. त्यातच हाडे पक्की होत असतानाच्या दुखापती अनेकांना मागे खेचतात. लवकर मिळालेला विजय खोटा नसतो. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर असतो.

प्रशासकाच्या दृष्टीने खरा धडा नियमांत आहे. २०१२ पर्यंत अर्ज २० पेक्षा अधिक आले, तर प्रतिष्ठित शर्यतींत मिळवलेल्या बक्षिसाच्या रकमेवरून प्रवेश ठरे. साहजिकच दुसऱ्या वर्षीची एखादी घसघशीत कमाई मे महिन्यापर्यंत कामी येत असे. २०१३ पासून गुणपद्धती आली. तिच्यात शरद ऋतूतील ज्युव्हेनाइलच्या विजेत्याला सुरुवातीला १० गुण होते, तर वसंतातील प्रमुख शर्यतींच्या विजेत्याला १००. कालच्या कीर्तीपेक्षा आजच्या क्षमतेला वजन मिळाले. उशिरा येणारा किती दूर जाऊ शकतो, हे २०१८ मध्ये ‘जस्टिफाय’ने दाखवले. दुसऱ्या वर्षी तो एकदाही धावला नव्हता. १८ फेब्रुवारीला पहिली शर्यत धावून ७६ दिवसांनी त्याने डर्बी जिंकली. असे यापूर्वी घडले होते ते १८८२ मध्ये, ‘अपोलो’च्या बाबतीत.

आपल्याकडे महालक्ष्मीच्या मैदानावरील इंडियन डर्बी १९४३ पासून चालत आली आहे. तिथे घोडे चौथ्या वर्षी, फेब्रुवारीच्या सुमारास, २४०० मीटर धावतात. घोड्यांना आपण दिलेली ही सवड मुलांना मात्र देत नाही.

सेवेत असताना क्रीडा वसतिगृहासाठी बारा वर्षांखालील मुले निवडणाऱ्या एका समितीचा मी अध्यक्ष होतो. धावण्याच्या वेळा पाहून यादी केली आणि सही केली. पुढे जन्मतारखा चाळल्या, तेव्हा निवडलेल्यांत वयोगटातील थोरलीच मुले अधिक आढळली. काही वर्षांनी त्यांतली मोजकीच मैदानावर उरली होती. ज्यांना आम्ही परत पाठवले, त्यांच्यासाठी दुसऱ्या वेळेची तरतूदच नव्हती. तो दोष मुलांचा नव्हता; ज्या कागदावर माझी सही होती, त्या कागदाचा होता.

म्हणून क्रीडा असो वा शिष्यवृत्ती, प्रत्येक योजनेत तीन तरतुदी असाव्यात: चौदाव्या आणि सोळाव्या वर्षी नव्याने प्रवेशाची संधी, निवडीच्या वेळी जन्ममहिन्याचा विचार, आणि दुखापतग्रस्ताला थांबवण्याचा वैद्यकांना निर्विवाद अधिकार. यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही.

त्या सकाळी थांबवलेला फोर्टे पाच आठवड्यांनी दीड मैलाच्या बेलमाँट स्टेक्समध्ये धावला आणि दुसरा आला.